पाणी कोणाच्या बांधीतून येते?

३१ मार्च १९५१ रोजी त्या वेळच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपली आणि भंडारा जिल्ह्यातले गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी होती आणि आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातच होता. कसणाऱ्याच्या डोक्यावरचा मध्यस्थ गेला, हे त्या कायद्याचे मोठेच काम. पण त्याच कायद्याने आणखी एक बदल झाला, ज्याची नोंद शेतीच्या इतिहासात फारशी कोणी घेत नाही. तोवर तलाव, त्याच्या तळातला गाळ, पाळीवरची झाडे, पाण्यातले मासे आणि तुडुमाखालची, म्हणजे तलावातून पाणी सोडण्याच्या तोंडाखालची, धानाची बांधी (बांध घातलेले शेत) हे सगळे एका गावाच्या एका व्यवस्थेत बांधलेले होते. पुढच्या काळात पाणी पाटबंधारे खात्याकडे आणि जिल्हा परिषदेकडे गेले, मासे मत्स्य खात्याकडे, पीक कृषी खात्याकडे, तर पिकलेले धान पुरवठा आणि पणन खात्यांकडे. सेंद्रिय शेती नंतर सरकारी धोरणाचा मान्य विषय झाली, तेव्हा जिल्ह्यात ती या तुकड्यांपैकी एकाच तुकड्यात, म्हणजे कृषी खात्यात, बसवली गेली. भंडाऱ्यात तिची वाट अडली असेल तर ती इथे, असे माझे म्हणणे आहे. शेतकऱ्याला सेंद्रिय शेतीचे महत्त्व कळत नाही म्हणून ती मागे पडली, ही समजूत पुराव्याला धरून नाही.

आधी ती जुनी व्यवस्था चालायची कशी, हे पाहायला हवे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सात हजारांच्या आसपास मालगुजारी तलाव आहेत. आज सरकारी कागदावर त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने यातले पुष्कळ बांधले. कोलू पाटील कोहळीच्या नावाने ओळखला जाणारा, आता गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांध त्यातला सर्वांत प्रसिद्ध. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरतो आणि तुडुमातून सोडलेले पाणी पहिल्या बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे धुऱ्याधुऱ्याने पुढे जाते. प्रत्येक शेताला वेगळा पाट नसतो, शेजाऱ्याची बांधी हाच आपला पाट. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाचा गाळ बैलगाडीने बांधीत येई. धान कापणीला येण्याआधीच उभ्या पिकात लाखोळी किंवा जवस फेकायची आणि उरलेल्या ओलीवर ती वाढू द्यायची, याला उतेरा म्हणतात. लाखोळी हे द्विदल पीक. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. गाळ, शेणखत आणि लाखोळी या तिघांवर धानाची बांधी शतकानुशतके तगली. या पद्धतीला कोणी सेंद्रिय म्हणत नव्हते, कारण तिच्याशिवाय दुसरी पद्धतच नव्हती.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो रास्त आहे. ही व्यवस्था न्यायाची नव्हती. तलावाचा गाळ काढणे आणि पाळ दुरुस्त करणे यामागे कुठे गावाची रीत होती, तर कुठे उघड बेगार. पाणी आधी कोणाला, हे गावातल्या वजनावर ठरे. मासेमारी करणारा ढिवर समाज पाण्यावर जगत होता, पण पाण्यावर त्याचा मालकी हक्क नव्हता. वाजिब-उल-अर्ज या गावाच्या दप्तरात चालीरीती लिहिल्या जात, पण लिहिणारी बाजू बहुधा बळकट असे. मालगुजारी जाणे आवश्यकच होते आणि तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो अन्यायाबरोबर जोडणीही का गेली, हा. मालगुजाराच्या जागी गावाची लाभधारकांची संस्था उभी करून तलाव, गाळ, मासे आणि पाणीवाटप तिच्या हाती देता आले असते. तसे झाले नाही. तलाव सरकारचा झाल्यावर गाळ काढणे हे सरकारचे काम ठरले आणि सरकारच्या अंदाजपत्रकात गाळाला पैसा नव्हता. तलाव उथळ होत गेले, त्यात बेशरम हे तण माजले, आणि बांधीला मिळणारा गाळ थांबला.

दुसरीकडे, सरकारला सेंद्रिय खताचे वावडे होते असेही नाही. सेंद्रिय धोरणाचा इतिहास साधारणपणे असा सांगितला जातो: आधी रसायने आली, मग त्यांचे दुष्परिणाम दिसले, मग सरकार जागे झाले. कागदपत्रांतला क्रम वेगळा आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत कंपोस्टची पद्धत बसवली आणि १९३१ साली शेतातल्या टाकाऊ पदार्थांवरचे पुस्तक दोघांच्या नावाने निघाले. पुढे जगभर सेंद्रिय चळवळीचा आद्य पुरुष म्हणून हॉवर्डचे नाव झाले. वाडांचे नाव महाराष्ट्रातही फारसे उरले नाही, याची खंत वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'अधिक धान्य पिकवा' मोहीम आली, तेव्हा सी. एन. आचार्य यांच्या देखरेखीखाली शहरांच्या कचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची योजना केंद्र सरकारने चालवली. स्वातंत्र्यानंतर डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना, १९५३ पासून, जपानी पद्धतीच्या भातलागवडीचा देशभर प्रसार झाला. तिच्यात ओळीतली रोवणी आणि अमोनियम सल्फेट होते, तसेच कंपोस्ट, हिरवळीचे खत आणि पेंडही होती. त्या काळच्या कृषी खात्याला शेणखत आणि सल्फेट एकाच बांधीत टाकण्यात काही विसंगती वाटत नव्हती.

कंपोस्ट धोरणातून बाहेर गेले ते हळूहळू, आणि त्याचे कारण पैशाच्या रचनेत आहे. १९५७ च्या खत नियंत्रण आदेशाने कारखान्यात तयार होणाऱ्या खताला दर्जा, परवाना आणि किंमत दिली. १९६६ साली फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हे बुटके, खताला प्रतिसाद देणारे वाण दिले. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळून निघाला, आणि त्या दिवसांत अधिक धान्य या मागणीपुढे दुसरी कुठलीही मागणी टिकणार नव्हती. १९७७ मध्ये कारखान्यांना उत्पादन खर्चावर आधारित भरपाई देणारी योजना सुरू झाली आणि खताचे अनुदान अंदाजपत्रकात कायमचे बसले. युरियाच्या पोत्याला किंमत, पावती, गोदाम आणि अनुदान अशी चारही अंगे होती. उकिरड्यातल्या शेणाला यातले एकही नव्हते. ज्याचा हिशेब ठेवता येतो त्यालाच सरकार पैसा देऊ शकते, आणि गाळ, शेण, लाखोळी यांचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. लाखोळीच्या बाबतीत तर धोरण उलटे फिरले. तिच्यातल्या विषारी घटकामुळे पायांचा लकवा होतो म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. आरोग्य खात्याची काळजी खोटी नव्हती. दुष्काळात फक्त लाखोळी खाऊन जगणाऱ्या गरिबांना तो आजार खरोखर झाला होता. पण त्या निर्णयात बांधीच्या नत्राचा विचार करणारे कोणी नव्हते. पुढे जिथे उन्हाळी धानाला पाणी मिळाले तिथे उतेऱ्याला जागाही उरली नाही. कमी विषाच्या रतन, प्रतीक, महातिवडा या वाणांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने २०१६ साली हिरवा कंदील दाखवला, तोवर अर्धे शतक उलटून गेले होते.

सेंद्रिय शेती पुन्हा सरकारदरबारी आली ती आंदोलनाच्या वाटेने, आणि त्या वाटेचा एक महत्त्वाचा मुक्काम विदर्भातच आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये वर्ध्याला सेंद्रिय शेतीवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांची देशातली पहिली परिषद भरली. वर्ध्यातच पुढे तारक काटे यांच्या 'धरामित्र'ने हे काम नेटाने चालवले; पश्चिम महाराष्ट्रात श्रीपाद दाभोलकरांचा प्रयोग परिवार शेतकऱ्याला स्वतःच्या शेताचा संशोधक करत होता. या लोकांची मागणी जमीन, बियाणे आणि ज्ञान शेतकऱ्याच्या हाती राहावे ही होती. सरकारने ती स्वीकारली तेव्हा मात्र वेगळ्याच दारातून. २००० साली कुंवरजीभाई जाधव यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले गेले, पण पहिली भक्कम चौकट २००१ च्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाने दिली, आणि तो कार्यक्रम होता वाणिज्य मंत्रालयाचा. युरोपला माल पाठवायचा तर प्रमाणपत्र हवे, म्हणून मानके आणि तपासणी यंत्रणा उभ्या राहिल्या आणि त्यांची सूत्रे 'अपेडा' या कृषी निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे आली. कृषी मंत्रालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये राष्ट्रीय सेंद्रिय शेती प्रकल्प सुरू केला आणि गाझियाबादच्या जैविक खत केंद्राचे सेंद्रिय शेती केंद्रात रूपांतर केले. त्याचे प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. मार्च २००६ मध्ये सेंद्रिय आणि जैविक खते त्याच खत नियंत्रणाच्या चौकटीत आली, जिने एकेकाळी त्यांना हिशेबाबाहेर ठेवले होते. मला ही तारीख फार मोलाची वाटते. कंपोस्टलाही आता दर्जा आणि परवाना मिळू शकत होता, अर्थात ते पोत्यात भरून विकले तरच. गोठ्यातून थेट बांधीत जाणारे खत तरीही बाहेरच राहिले.

निर्यातीच्या दारातून आलेल्या धोरणाचे मोजमाप निर्यातीचेच असते: एक शेतकरी, त्याचा गट क्रमांक, त्याची नोंदवही, रूपांतराचा दोन-तीन वर्षांचा काळ आणि शेवटी प्रमाणपत्र. कापूस, फळे, मसाले यांना ते चालते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये स्वतःचे सेंद्रिय शेती धोरण स्वीकारले आणि २०१५-१६ पासून केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना आली, तेव्हा एकक थोडे मोठे झाले. पन्नास एकरांचा गट, पन्नास शेतकरी, तीन वर्षांत एकरी २० हजार रुपयांचे साहाय्य आणि शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या शेतांची पाहणी करून द्यायचे पीजीएस प्रमाणपत्र. छोट्या शेतकऱ्याला खासगी तपासणीचा खर्च परवडत नाही, हे या योजनेने ओळखले. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात मात्र गट पाडताना राजी कोण आहे हे पाहिले जाते, पाणी कुठून कुठे जाते हे पाहिले जात नाही. वरच्या दहा बांध्यांत युरिया पडला आणि फवारणी झाली, तर तेच पाणी धुऱ्यावरून खालच्या 'सेंद्रिय' बांधीत उतरते. निर्यातीची मानके शेजारच्या शेतातून येणारे प्रदूषण अडवायला सांगतात, त्यासाठी चर खणा, पट्टा सोडा म्हणतात. ज्या शेताला शेजाऱ्याच्या शेताखेरीज पाणीच मिळत नाही, त्याने चर कुठे खणायचा? अशा भूभागात सेंद्रिय शेती हा एकट्याचा निर्णय असूच शकत नाही. तिचे खरे एकक म्हणजे एका तुडुमाखालचे सगळे शिवार, मग ते तीस एकर असो की तीनशे. पन्नास एकरांचा गट या उत्तराच्या जवळ आला होता, पण त्याने आखणीसाठी पाण्याऐवजी सात-बारा हाती घेतला.

मग विदर्भाच्या नावाने सेंद्रिय शेतीचे मिशन आले, आणि भंडारा त्यात नव्हता. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्याच हंगामात भंडारा-गोंदियात तुडतुड्यांनी उभे धान वाळवले आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कपाशीवरची बोंडअळी आणि धानावरचे तुडतुडे यांच्या भरपाईचा प्रश्न एकत्रच गाजला. पण २०१८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन जाहीर झाले ते अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या सहाच जिल्ह्यांसाठी. हे तेच सहा जिल्हे, ज्यांना २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये आत्महत्याग्रस्त म्हणून निवडले होते. संकटात असलेल्या कापूसपट्ट्याला आधी हात द्यावा, यात चूक काढता येणार नाही. परंतु त्यामुळे सेंद्रिय शेती ही दुःखावरची मलमपट्टी ठरली आणि कोरडवाहू कपाशीसाठी आखलेला साचाच पुढे सर्वांना लागू झाला. २०२३ मध्ये मिशनच्या नावात 'जैविक'च्या जागी 'नैसर्गिक' आले, व्याप्ती पूर्ण राज्याची झाली आणि २५ लाख हेक्टरांचे उद्दिष्ट ठरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,४८१ कोटी रुपयांचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती मिशन मंजूर केले: १५ हजार समूह, साडेसात लाख हेक्टर, एक कोटी शेतकरी. आता भंडाराही त्यात आहे. सेंद्रिय शेतीला कायमचे शीर्ष, यंत्रणा आणि उद्दिष्ट मिळाले. त्या अर्थाने ती प्रस्थापित झाली. पण २०२२-२३ या एकाच वर्षात खत अनुदानावर केंद्राचे सुमारे अडीच लाख कोटी रुपये गेले. सरकारचा खरा कल कुठे आहे ते या दोन आकड्यांतून दिसते.

सर्वांत गंभीर आक्षेप उत्पादनाचा आहे. श्रीलंकेने २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका झटक्यात बंदी घातली, भाताचे उत्पादन कोसळले, तांदूळ आयात करावा लागला आणि नोव्हेंबरपर्यंत बंदी मागे घ्यावी लागली. २०१२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासानेही सेंद्रिय पिकांचे उत्पादन परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्के कमी भरते असे दाखवले. दोन-तीन एकरांच्या धानकऱ्याला एवढी घट सोसणार नाही, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी सेंद्रिय शेतीचा प्रचार करू नये असे मी म्हणेन. पण श्रीलंकेत खत काढून घेतले गेले आणि त्या जागी नत्राचा दुसरा साठा उभा केला गेला नाही. प्रश्न पर्यायी नत्राचा आहे, आणि इथे पाणथळ धानाची स्थिती कोरडवाहू कपाशीहून चांगली आहे. साचलेल्या पाण्यात निळे-हिरवे शेवाळ आणि अझोला स्वतः नत्र बांधतात. बांधीत फेकलेल्या युरियातला निम्म्याहून कमी नत्र पिकाला लागतो. उरलेल्याचा काही भाग हवेत उडतो आणि काही खालच्या तलावात जाऊन वनस्पती माजवतो. धैंचा गाडायचा, धुऱ्यावर गिरीपुष्प लावायचे, उतेरा परत आणायचा आणि दरवर्षी काही बांध्यांना तलावाचा गाळ द्यायचा, हे सगळे एकत्र केले तर युरियाची पोती टप्प्याटप्प्याने कमी करता येतात. एकदम शून्यावर येण्याचा हट्ट धरायचे कारण नाही. यातले बरेच सुटे सुटे साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि धान संशोधन केंद्राच्या आवाक्यात आहे. अडचण आहे ती गाळाची, कारण गाळ कृषी खात्याचा नाही.

शेणखत आहेच कुठे, असेही विचारले जाते. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोड्या घटल्या, हे खरे आहे, आणि गावातल्या उरलेल्या शेणावर सगळे शिवार पोसले जाणार नाही. नेमके म्हणूनच तलावाचा गाळ हा भंडाऱ्यापुरता निर्णायक आहे. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे आणि नंतर तिच्यात अल्पभूधारकाला एकरी १५ हजार रुपये, अडीच एकरांच्या मर्यादेत, गाळ पसरण्यासाठी देण्याची तरतूद झाली. म्हणजे मातीची सुपीकता वाढवणारी राज्यातली एक मोठी योजना जलसंधारण खात्यात चालते आणि सेंद्रिय शेतीच्या मिशनशी तिचा सांधा नाही. ज्या तुडुमाखाली समूह आहे त्याच तलावाचा गाळ त्याच वर्षी काढायचा, इतका साधा ताळमेळही दोन खात्यांत नसतो. गाळ काढताना सरसकट यंत्र घालून तळ खरवडला तर तलावाच्या वनस्पती आणि मासेही जातात, हा इशारा भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कामातून मिळतो. मंडळाने ढिवर मासेमारांच्या सहकार्याने बेशरम उपटून, तळ नांगरून, पाण्यात स्थानिक वनस्पती लावून तलाव सजीव केले. तिथे मासे वाढले म्हणून मासेमारांनी तलाव राखला. जिथे तलाव राखणारे कोणी आहे, तिथेच वरच्या बांध्यांत कोणते औषध पडते याची विचारपूसही होऊ शकते, कारण ते औषध शेवटी माशांपर्यंत पोचते. सेंद्रिय शेतीचा असा पहारेकरी कोणत्याही प्रमाणन संस्थेकडे नाही.

शेवटचा सांधा खरेदीचा आहे. भंडाऱ्यातले धान मोठ्या प्रमाणात मार्केटिंग फेडरेशनच्या आधारभूत खरेदी केंद्रांवर जाते. केंद्राला धानाचे दोनच प्रकार ठाऊक आहेत, साधारण आणि अ दर्जा. २०२४-२५ च्या हंगामात त्यांचा हमीभाव क्विंटलला २,३०० आणि २,३२० रुपये होता. राज्याने त्यावर हेक्टरी २० हजार रुपयांचा बोनस, दोन हेक्टरांपर्यंत, दिला, तोही धान कसे पिकवले याची विचारणा न करता. पीजीएस प्रमाणपत्र घेतलेल्या शेतकऱ्याचे पोते काट्यावरून उतरले की शेजाऱ्याच्या पोत्यात मिसळून भरडाईला गिरणीत जाते. चिन्नोरसारख्या सुवासिक धानाला स्वतःचे गिऱ्हाईक आहे, त्याला कदाचित केंद्राची गरज नाही. पण जिल्ह्याचे शिवार चिन्नोरवर चालत नाही. सरकारने सेंद्रिय धानाला बाजारात जास्त भाव मिळेल असे सांगून ते शहरी ग्राहकावर सोपवण्यापेक्षा स्वतःच्या खरेदीत त्याला तिसरा काटा द्यावा आणि तो तांदूळ जिल्ह्यातल्या शाळांच्या पोषण आहारात आणि आश्रमशाळांत वापरावा. बोनस तर राज्याने दिलाच आहे. त्यातला काही भाग एका तुडुमाखालच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून युरिया कमी केला आणि उतेरा घेतला, तर त्या सगळ्यांना द्यायचा, एवढी अट घातली तरी पुरे. नव्या मिशनचे समूह या जिल्ह्यात आखताना कृषी सहायकाच्या हाती सात-बाराबरोबर मामा तलावांची यादी आणि प्रत्येक तलावाच्या लाभक्षेत्राचा नकाशा असायला हवा. तलावांची यादी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे आहे.